केसाला पोट नसतं

मराठी समीक्षकांच्या तावडीतून सुटलेला एकच वाङ्मयप्रकार आता शिल्लक राहिला आहे. कथा, कविता, कादंबरी सोडाच, उखाण्यांवर लिहून झालं, ओव्यांवर लिहून झालं, ट्रकच्या पाठीवरल्या शेरोशायरीचंही रसग्रहण झालं. पण 'दोन चमचे मेथ्या रात्री भिजत घाला' अशा वाक्याने सुरू होणारं जे अफाट वाङ्मय महिलांच्या मासिकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि आता हातातल्या फोनमधून अखंड वाहतं आहे, त्याकडे एकाही जाणकाराने मान वर करून पाहिलेलं नाही. मी केसांना लावायच्या घरगुती लेपांच्या कृतींबद्दल बोलतो आहे. खरं तर या साहित्याला जी लोकप्रियता लाभली ती आपल्या नामवंत कादंबऱ्यांच्या नशिबी नाही. कादंबरी लोक वाचतात आणि रद्दीत घालतात. हे साहित्य लोक अक्षरशः डोक्यावर घेतात.

हे परीक्षण मी लिहावं, यावर पहिला आक्षेप घरातूनच आला. "तुम्हाला काय कळतं केसांतलं?" असं विचारताना सौ.ची नजर माझ्या कपाळावर होती, आणि ते कपाळ हल्ली मानेपर्यंत पोचलं आहे. पण ज्याने जन्मात चार ओळी जुळवल्या नाहीत तो कवितेवर लिहितो, ज्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये भालदाराचंही काम मिळालं नाही तो नाट्यसमीक्षा करतो, हे महाराष्ट्राला चालत असेल तर टकलाने केशलेपांवर लिहायला हरकत नसावी. उलट मी पूर्ण तटस्थ आहे. या व्यवहारात माझा केसाइतकाही स्वार्थ नाही.

आधी शैलीचा विचार करू. या वाङ्मयाची सुरुवात नेहमी प्रश्नाने होते. 'तुमचे केस रुक्ष, निस्तेज आणि निर्जीव झाले आहेत का?' यातला शेवटचा शब्द लक्षात घ्या. केस निर्जीव 'होत' नसतात, ते असतातच. कातडीखाली केसाचं जे मूळ असतं तेवढं जिवंत. तिथून वर आलेला तंतू म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाची मेलेली दोरी. म्हणून तर न्हाव्याची कात्री चालू असताना आपण खुशाल पेपर वाचत बसतो; दाताच्या डॉक्टरकडे ते जमत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीचं टोक पाच वर्षांपूर्वी डोक्याबाहेर पडलेलं असतं, आणि तेव्हापासून त्याला घरातली काही खबरबात नसते. अशा टोकाला अंडी-दही लावून 'पोषण' द्यायचं म्हणजे शुद्ध श्राद्धकर्म झालं. तिथे निदान कावळा तरी शिवतो.

मध्यभागात सामग्री येते. एक पिकलेलं केळं, दोन अंडी, अर्धी वाटी घट्ट दही, दोन चमचे मध. मला तर वाचता वाचता भूक लागते. कृती डोक्याची आहे की शिकरणाची, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. माझ्या एका मित्राला तर ते शेवटपर्यंत कळलं नाही. फ्रिजमधली वाटी त्याने श्रीखंडाची म्हणून हातात घेतली. मेथीची कडवट चव लागल्यावर त्याला संशय आला, पण तोवर वाटीचा तळ दिसू लागला होता. "साखर कमी पडली आहे," एवढाच अभिप्राय त्याने दिला. लेपाच्या आतून झालेल्या परिणामांबद्दल तो मोकळेपणाने बोलत नाही.

मापांच्या बाबतीत हे लेखन नवकवितेलाही मागे टाकेल इतकं संदिग्ध आहे. 'एक वाटी दही.' कोणती वाटी? आमच्या मांडणीवर आमटीची वाटी आहे, चटणीची आहे, बारशात आलेली चांदी-मुलाम्याची आहे, आणि सौ.च्या माहेरची एक आहे, जिच्यात आमचं अख्खं कुटुंब जेवू शकतं. 'एका लिंबाचा रस' म्हणजे किती? एप्रिलमधल्या लिंबातून सुस्काऱ्याशिवाय काही निघत नाही.

शेवट मात्र अत्यंत सफाईदार असतो. 'फरक तुमचा तुम्हालाच जाणवेल.' हे वाक्य कुठल्या तरी वकिलाने तपासून दिलेलं असावं. दुसऱ्या कुणाला जाणवेल अशी हमी त्यात कुठेही नाही.

आणि मग गाळलेलं प्रकरण. लेप लावायचा कसा यावर या वाङ्मयात पानंच्या पानं आहेत. काढायचा कसा यावर अवाक्षर नाही. 'नंतर कोमट पाण्याने धुवावे.' संपलं! केळं केसांतून धुऊन काढणं ज्याने पाहिलं आहे, त्याला समुद्रमंथनाची वेगळी कल्पना द्यावी लागत नाही. बारीक तंतू केसाकेसाला धरून बसतात, वाळले की कोंड्यासारखे दिसतात, आणि तो कोंडा घालवण्यासाठी पुढच्या अंकात नवी कृती येते. अंड्याचा पांढरा बलक साठ अंशांच्या पुढे गोठू लागतो. कोमट म्हणजे किती हे कुणी सांगत नसल्यामुळे, गिझरचं कडकडीत पाणी थेट डोक्यावर घेणाऱ्या भगिनींच्या केसांतून दिवसभर ऑम्लेटचे तुकडे निघतात.

या लेखकांना स्थळकाळाचं भानही नाही. 'लेप लावून डोक्याला गरम टॉवेल गुंडाळा आणि अर्धा तास स्वस्थ बसा.' हे वाक्य थंड हवेच्या ठिकाणी बसून लिहिलेलं आहे, यात मला शंका नाही. २३ मे २०१३ रोजी आमच्या नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी इथे टॉवेल गरम करावा लागत नाही, तो दांडीवरच तयार असतो. डोक्यावर बेसन-दह्याचा लेप घेऊन बाई गच्चीत गेली तर पंधरा मिनिटांत तिची गणना वाळवणात होईल. पाण्याचंही तेच. २०१९च्या जुलैत तोतलाडोह धरण आटलं आणि महापालिकेला शहराला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. त्या दिवसांत नळाच्या बाजूला भरलेल्या बादल्या रांगेने उभ्या असताना 'भरपूर पाण्याने केस स्वच्छ करावे' हे वाक्य वाचून आमच्या शेजारणीने तो अंक सरळ विळीखाली भाज्यांच्या साली धरायला घेतला. त्या अंकाचा तो सर्वांत ओला उपयोग.

हे सगळे दोष मी पोटात घातले असते. कुठल्या वाङ्मयात दोष नसतात? पण खरी गोम वेगळीच आहे, आणि तिच्यासाठी थोडं मागे जायला हवं.

नागपुरात महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात न्हाणं हा एक स्वतंत्र विभाग होता. त्याचं पातेलं वेगळं; बुडाला पोचे पडलेलं आणि स्वयंपाकातून बडतर्फ झालेलं. त्यात शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा आणि गच्चीवर वाळवलेल्या संत्र्याच्या साली उकळत. संत्री आम्ही खाल्लेली, साली डोक्याच्या वाट्याला. ताक केसांना लागायचं, पण कढीच्याही लायकीचं उरलं नाही इतकं आंबल्यावर. तांदळाचं धुवण लागायचं; तांदूळ नव्हे. जास्वंदीची पानं कुंपणावरची, आणि फुलं देवाला वाहून दुसऱ्या दिवशी उतरलेली. कोरफड तर दाराला उलटी टांगलेली असे. दृष्ट लागू नये म्हणून लावलेली, आणि फावल्या वेळात केसांचं काम करणारी. तेवढं खोबरेल विकतचं, कारण विदर्भात नारळ होत नाही. म्हणून ते तळहाताच्या खळग्यात मोजून मिळायचं, दुसऱ्यांदा हात पुढे केला तर त्यावर थेंबाऐवजी चापट पडायची.

थोडक्यात, पोटाला जे नको झालं ते डोक्याला, असा त्या घराचा कायदा होता. तो नुसता कंजूषपणा नव्हता. त्याला शास्त्राचा आधार आहे, आणि तोही थेट चरकसंहितेचा. आयुर्वेदात केस हा अस्थिधातूचा मल मानला आहे. म्हणजे हाडं घडवून झाल्यावर शरीराने बाहेर टाकलेला उरलासुरला भाग. शरीराच्या उरल्यासुरल्याला स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं! इतका काटेकोर हिशेब मी बँकेतल्या नोकरीतही पाहिला नाही.

नवीन 'घरगुती' वाङ्मयाने हा कायदा साफ उलटा केला. आता डोक्याला घट्ट दही, आणि माणसांना पिशवीतलं पातळ ताक. डोक्याला मध, आणि चहात साखर 'जपून'. परवा गोकुळपेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मी यादी वाचून दाखवत होतो. दुकानदाराने चष्मा वर केला.

"काहून काकाजी, पाहुणे आले काय? एवढं दही, एवढा मध?"

"नाही हो. केसांसाठी."

त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"म्हणजे घरच्यांच्या," मी म्हणालो.

"तेच म्हटलं!" त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "चालू द्या. केसाले दही आन् माणसाले नुसती दह्याची आठवण. आजकाल सारेच असं करून राह्यले."

एवढ्या एका वाक्यात त्याने जी समीक्षा केली, ती करायला मला इथवर अडीच पानं लागली.

आता गुणदोषांची छाननी. समीक्षकाने नुसतं झोडपून चालत नाही, उत्तेजनार्थ बक्षीसही काढावं लागतं. गंमत अशी की, शास्त्राच्या कसोटीला लावलं तर या लेपांतल्या पास होणाऱ्या वस्तू जवळजवळ सगळ्या जुन्या, स्वस्त आणि टाकाऊ वर्गातल्या निघतात.

पहिला क्रमांक बुळबुळीतांचा. भिजवलेल्या मेथ्या, उकळलेले जवस, चुरगळलेली जास्वंदीची पानं, कोरफडीचा गर. या सगळ्यांत पाणी धरून ठेवणारा एक चीक असतो. तो केसाच्या आत शिरत नाही, खाऊ घालत नाही, संस्कार करत नाही. नुसता वरून पातळ थर देतो. त्यामुळे एक केस दुसऱ्यावरून घसरतो, फणी अडत नाही, आणि गुंता ओढताना जे केस तुटायचे ते तुटत नाहीत. बस्स. पण हे 'बस्स' लहान नाही. जवस तर आमच्या विदर्भाचं घरचं पीक. त्याची चटणी भाकरीवर नसेल तर जेवण सरकारी वाटतं. १९०६ साली सुरू झालेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या जवसावर संशोधनही चालतं. एक चमचा जवस एक वाटी पाण्यात (वाटी आमटीची) उकळले की अंड्याच्या बलकासारखा चीक सुटतो. तो गरम असतानाच गाळायचा असतो. निवल्यावर गाळायला बसलेला माणूस गाळणीला गाळणी म्हणत नाही, दुसरं काहीतरी म्हणतो. ही एक ओळ मी कुठल्याही छापील कृतीत वाचली नाही, म्हणून मुद्दाम देतो.

दुसरा क्रमांक आंबटांचा. केसाचं बाहेरचं आवरण कौलारू छपरासारखं असतं, कौलावर कौल. साबणासारख्या क्षारयुक्त वस्तूने ही कौलं वर उचलली जातात आणि केस खरखरीत लागतो. सौम्य आंबट पदार्थाने ती पुन्हा खाली बसतात. आंबलेलं ताक हे काम करतं. शिकेकाईचं पाणीही किंचित आंबटच असतं, शिवाय विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा जसा पांढरा साका केसांवर बसतो तसा तिचा बसत नाही. उलट खायचा सोडा डोक्याला चोळा असं सांगणारी जी एक बंडखोर शाखा निघाली आहे, तिच्यापासून दूर राहावं. सोडा क्षारयुक्त. वादळ जसं छप्पर उडवतं, तसा तो कौलं उचकटतो.

तिसरा क्रमांक खोबरेलाचा. २००३ साली मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची परीक्षा घेतली. केस धुताना त्यातलं प्रथिन झिजतं. ती झीज कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात, बाकीची तेलं दारात उभी राहतात. आता, खोबरेल विकणाऱ्या कंपनीने खोबरेलाला पहिला नंबर देणं म्हणजे हेडमास्तरांचा मुलगा वर्गात पहिला येण्यापैकी आहे, हे कबूल. पण कधी कधी हेडमास्तरांचा मुलगा खरोखर हुशार असतो. तेल न्हाण्यानंतर नव्हे, न्हाण्यापूर्वी लावायचं, हे आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेशिवाय ठरवलं होतं.

तेल लावण्यातलं अर्धं श्रेय मात्र हाताचं आहे. केस मेलेला असला तरी खालची त्वचा जिवंत असते आणि तिला चोळलेलं कळतं. 'शाम्पू' हा इंग्रजी शब्दसुद्धा आपल्या चांपण्यावरून, चंपीवरून गेलेला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद या गृहस्थांनी इंग्लंडात ब्रायटनला 'शाम्पू'ची स्नानगृहं काढली, आणि चौथ्या जॉर्ज राजाचं अंग रगडण्यापर्यंत मजल मारली. त्या शाम्पूत फेस नव्हता, नुसता हात होता. पुढे साहेबाने हात काढून घेतला, फेस भरला, आणि बाटलीत घालून आपल्याला परत विकला.

नापासांची यादी मोठी आहे. केळं नापास. मध जेमतेम काठावर. अंडं, ज्याच्यावर या वाङ्मयाचा सगळा डोलारा उभा, ते सपशेल नापास. अंड्यातलं प्रथिन उत्तम, पण त्याचा रेणू केसात शिरायला फार मोठा. सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यासारखं ते आहे. बाजारच्या कंडिशनरचं तंत्रच निराळं आहे. केसावर ऋण भार असतो, आणि त्यात धन भाराचे रेणू घातलेले असतात, म्हणून ते धुतल्यावरही केसाला चिकटून राहतात. कोंबडीला हे विद्युतशास्त्र शिकवलेलं नाही.

कांद्याच्या रसाबद्दल मात्र निकाल राखून ठेवतो. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली चाई पडलेल्या रुग्णांवर तो वापरून पाहिला आणि बऱ्याच जणांना केस आले. पण प्रयोग लहान होता, आणि चाई हा वेगळा विकार आहे. त्यावरून घरोघरच्या केसगळतीला कांदा चोळणं म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आपलं औषध आणणं. शिवाय ज्या घरी हा प्रयोग चालतो, तिथे भजी होणार या आशेने पाहुणे रेंगाळतात.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

माझी एक पुतणी आहे. नोकरी करणारी, हुशार. तिचं बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. उशीवर केस, फणीत केस, बाळाच्या मुठीत केस. घाबरलेला माणूस जे करतो तेच तिने केलं. समोर आलेला प्रत्येक उपाय केला. सोमवारी मेथी, गुरुवारी दही, रविवारी अंडी. आमची सौ. तिच्याकडे गेली तेव्हा ती न्हाणीघराच्या दाराशी डोक्यावर दोन अंडी घेऊन बसली होती, मांडीवर बाळ.

"तू काय खाल्लंस गं सकाळपासून?" सौ.ने विचारलं.

"चहा-टोस्ट झालाय, काकू. सगळ्यांचं आवरलं की जेवेन ना."

दुपारचे दीड वाजले होते. घरात तेव्हा चार अंडी होती. दोन नवऱ्याच्या डब्यात गेली, दोन तिच्या डोक्यावर. पोटात एकही नाही. आमची सौ. कृतींची मोठी भोक्ती, पण त्या दिवशी तिने शब्दही न बोलता पुतणीचं डोकं धुतलं, समोर बसून तिला जेवू घातलं, आणि संध्याकाळी डॉक्टरीण बाईंकडे नेलं.

बाईंनी केस पाहिलेच नाहीत. खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. मग त्यांनी समजावून सांगितलं, की बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी असे केस जातातच. गरोदरपणात जे गळायचे थांबलेले असतात, ते एकदम रजेवर निघतात आणि काही महिन्यांत आपोआप परत येतात. पण रक्तातलं लोह संपलेलं असलं तर तेही केस गाळतं, आणि ते मात्र आपोआप भरून निघत नाही. लोहाच्या गोळ्या घ्या. डाळी, पालेभाज्या, अळिवाचे लाडू खा. वेळेवर खा. पुतणीने बिचकत विचारलं, "आणि अंडं?" बाई म्हणाल्या, "चालेल की. फक्त वीतभर खाली."

लिंबाचं आणि चहाचंही त्यांनी सांगितलं. लिंबू वरणावर पिळलं तर अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा प्यायला तर ते लागत नाही. आमच्या कृतींनी नेमकी उलटापालट केली होती. लिंबू डोक्यावर, चहा पोटात.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पुतणीच्या कपाळावर लव्हाळ्यासारखे नवे केस उभे राहिले. तिच्या सासूबाई ते मेथीचं यश मानतात. शेजारीण दह्याचं मानते. या वाङ्मयाची सगळी कीर्ती अशीच उभी आहे. जे केस स्वतःहून परत येणार असतात, त्यांच्या वाटेवर जो कुणी वाटी घेऊन उभा असेल, तो धन्वंतरी ठरतो.

आणि हे एका पुतणीचं नाही. सरकारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! त्या सगळ्यांचे केस काही त्याने गळत नसतील. पण 'तुमचे केस निर्जीव झाले आहेत का?' असं विचारणाऱ्या लेखात, 'बाई, तू जेवलीस का?' हा प्रश्न एकदाही येऊ नये, हा या वाङ्मयाचा सर्वांत मोठा दोष मी मानतो. बायकोच्या केसांचं कौतुक करणारे पुरुष, ज्यांत कवीही आले, तेही हा प्रश्न विचारत नाहीत. मेलेल्या तंतूची एवढी विचारपूस, आणि ज्या जिवंत देहातून तो उगवतो तो मागच्या पंगतीला.

तेव्हा माझी शिफारस अशी. लेप बंद करू नयेत. त्यात एक सुख आहे. अर्धा तास 'मला हात लावू नका, डोकं भरलंय' असं म्हणून बाईला बसता येतं, आणि आपल्या घरांतून बाईला बसू देणारी दुसरी सबब अजून सापडलेली नाही. पण जुना कायदा परत आणावा. मेथ्या, जवस, आंबलेलं ताक, कुंपणावरची जास्वंद खुशाल डोक्यावर जावी. घट्ट दही, केळं, अंडं आणि मध तोंडावाटे जावेत. आणि प्रत्येक कृतीच्या पहिल्या ओळीत, मेथ्या भिजत घालण्याच्याही आधी, 'प्रथम पोटभर जेवून घ्यावे' हे छापणं सक्तीचं व्हावं.

परीक्षणाच्या अखेरीस मुखपृष्ठ, छपाई आणि किंमत यांचा उल्लेख करायची आपल्याकडे प्रथा आहे. मुखपृष्ठ आकर्षक, त्यावरच्या तरुणीचे केस कमरेच्या खाली पोचलेले असून तिने ही कृती कधीही केलेली नसावी. छपाई सुबक, पण जिथे बोट लागलं तिथे दह्याचे डाग. किंमत अर्धा डझन अंडी आणि तीन बादल्या पाणी. प्रत वाचून झाल्यावर शेजारी देण्यास हरकत नाही. वाटी मात्र परत मागून घ्यावी.